जुनी कार्बोरेटरवाली गाडी: इंजिन लगेच सुरू होतं, पण टिकत नाही

जुनं_चाक
चार सिलिंडरची जुनी पेट्रोल गाडी. कार्बोरेटर, डेल्कोत (प्लगांना स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर) पॉइंट आणि कंडेन्सर, इंजिनावर बसणारा मेकॅनिकल पेट्रोल पंप. दोन महिने उभी होती. थंड इंजिन चोक (हवा अडवणारी पाळी) ओढून पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू होतं. चोक ओढलेलाच ठेवला तर काळा धूर सोडत घरघर करत चालतं. चोक आत ढकलला की पाच-सहा सेकंदांत बंद. प्लग, एअर फिल्टर, पेट्रोल फिल्टर नवे घातले आहेत. बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. आता पेट्रोल पंप बदलावा की कॉइल, ते ठरत नाही.

टॅपेट
सध्या दोन्ही बदलू नका. आधी एवढं सांगा:

बंद पडताना इंजिन दबत, गचके खात बसतं, की बटण बंद केल्यासारखं खटकन थांबतं?
बंद पडण्याचा क्षण चावी सोडण्याशी जुळतो का?
चोक आत ढकलून ॲक्सिलरेटरवर २००० आरपीएमच्या आसपास धरलं तर चालत राहतं का?

करंट गेला की इंजिन खटकन थांबतं. पेट्रोल कमी पडलं की दबत जातं. पहिला प्रश्न त्यासाठी.

जुनं_चाक
दबत बसतं. चावीशी संबंध दिसत नाही, सोडल्यानंतरही चालतं. २००० वर धरलं तर दोन-तीन मिनिटं एकसारखं चाललं, मिसिंग नाही. पाय काढला की बंद.

टॅपेट
मग पंप आणि कॉइल दोन्ही सुटले. २००० वर तीन मिनिटं चालायला स्लोपेक्षा, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता संथ चालण्यापेक्षा, कितीतरी जास्त पेट्रोल लागतं आणि स्पार्कही अडीचपट वेगाने लागतो. ते सगळं मिळतंय.

पंपाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण या लक्षणात सर्वात जास्त पंपच विनाकारण बदलले जातात. लहान चार सिलिंडर इंजिन स्लोवर तासाला साधारण एक लिटर पेट्रोल पितं, म्हणजे मिनिटाला १६-१७ मिलिलिटर. कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये (पेट्रोल साठवणारा छोटा कप्पा) ५० मिलिलिटर जरी धरलं तरी पंप पूर्ण बंद असताना इंजिन स्लोवर दोन-तीन मिनिटं चालायला हवं. पातळी उतरताना मिश्रण पातळ होतं म्हणून एखादा मिनिट कमी धरा. पाच सेकंदांत बंद पडणाऱ्या इंजिनाला पंप जबाबदार नसतो. अपवाद एकच: गाडी महिनोन्‌महिने उभी राहून चेंबरमधलं पेट्रोल उडून गेलेलं असेल तर. पण तेव्हा आधी सुरू व्हायलाच बराच वेळ सेल्फ मारावा लागतो.

म्हणून घड्याळ लावून मोजा. दोन-दहा सेकंद असतील तर कार्बोरेटरचं स्लो सर्किट (स्लोला पेट्रोल देणारी वेगळी वाट), हवेची गळती किंवा चोक. एक-तीन मिनिटं असतील तर पंप, फिल्टर, नळी. दहा-वीस मिनिटांनी बंद पडत असेल तर टाकीचं श्वासछिद्र, किंवा गरम झाल्यावर दगा देणारी कॉइल नाहीतर कंडेन्सर.

तुमच्याकडे स्लोला पेट्रोल मिळत नाही किंवा नको तिथून जास्तीची हवा शिरते आहे. चोक ओढल्यावर चालतं याचाही अर्थ तोच. चोकने हवा अडवली की मेन जेटमधून (पेट्रोलचं मोजून पाडलेलं मुख्य छिद्र) पेट्रोल खेचलं जातं आणि तूट भरून निघते.

लाल_वायर
धागाकर्त्यांना हे लागू नाही, पण शोधत इथे येणाऱ्यांसाठी: चावी सोडताक्षणी इंजिन बंद पडत असेल तर कार्बोरेटरला हात लावू नका.

बऱ्याच जुन्या गाड्यांत कॉइलला दोन वाटांनी करंट मिळतो. सेल्फ मारताना बॅटरीचा पूर्ण करंट थेट जातो. चावी मागे आली की तोच करंट बॅलास्ट रेझिस्टरमधून जातो आणि कॉइलवर ६ ते ९ व्होल्ट राहतात. बॅलास्ट तुटला असेल किंवा इग्निशन स्विचचा चालू स्थितीतला पॉइंट झिजला असेल तर सेल्फ चालू असेपर्यंतच स्पार्क मिळतो. काही गाड्यांत बॅलास्ट म्हणजे चिनी मातीतला वेगळा तुकडा असतो, काहींत हार्नेसमधली रेझिस्टन्स वायर. बॅलास्टचा रोध साधारण १.२ ते १.८ ओहम असतो.

खात्री करायला बॅटरीच्या प्लसपासून कॉइलच्या प्लसला तात्पुरती वायर द्या आणि इंजिन सुरू करा. टिकलं तर दोष बॅलास्टमध्ये किंवा स्विचमध्ये. ही वायर मिनिटभराच्या वर ठेवू नका, कॉइल तापते आणि पॉइंट जळतात. वायर लावलेली असताना चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, वायरच काढावी लागते. हे माहीत नसलं की माणूस गोंधळतो, म्हणून लिहिलं.

तेलकट_हात
@जुनं_चाक, कार्बोरेटरला एका वायरचा पितळी सॉलेनॉइड आहे का? आयडल कट-ऑफ म्हणतात तो. चावी चालू केली की तो सुई मागे ओढून स्लोचा रस्ता उघडतो. वायर निघाली असेल तर तुमची सगळी लक्षणं जशीच्या तशी दिसतात.

चावी चालू, इंजिन बंद. वायर काढून परत टेकवा, टक्‌ असा आवाज यायला हवा. मीटरने वायरवर व्होल्टेजही बघा. टेकवताना बारीक ठिणगी पडते, त्यामुळे पेट्रोल सांडलेलं असेल तर आधी पुसून वाळू द्या.

हवाबंद
त्यासोबत हवेची गळती तपासा. ब्रेक सर्व्होची जाड नळी, डेल्कोच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सची बारीक नळी, इंजिनाच्या ब्रीदरची नळी. रेस १२०० च्या आसपास धरायला कोणालातरी बसवा आणि एकेक नळी फडकं गुंडाळून पकडीने दाबा. एखादी दाबल्यावर इंजिन सुधारलं तर गळती त्या नळीच्या पुढे आहे. सर्व्होचा डायफ्रॅम फाटला असेल तर ब्रेक पेडलही जड लागतं.

मग कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग आणि मॅनिफोल्डचा (कार्बोरेटरपासून सिलिंडरांपर्यंतची नळकांडी) जोड. त्यावर कार्ब क्लीनरचा फवारा मारून बघा, आरपीएम बदलला तर गळती तिथेच.

टॅपेट
क्लीनरच्या फवाऱ्याला माझा विरोध आहे. बहुतेक जुन्या इंजिनांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इनटेकच्या अगदी खाली असतो आणि शेजारी डेल्कोत पॉइंट ठिणग्या टाकत असतात. साध्या पाण्याचा बारीक फवारा तेच काम करतो. पाणी फटीत ओढलं गेलं की क्षणभर फट बुजते आणि आवाज बदलतो. फक्त डेल्को आणि प्लगच्या वायरी भिजू देऊ नका. फवारा काहीही असो, अग्निशामक हाताशी हवा आणि दार उघडं हवं.

हवाबंद
मान्य. थंड इंजिनावर पाणीच बरं.

तेलकट_हात
अजून एक परीक्षा, फुकटची आणि सगळ्यात बोलकी. रेस स्लोपेक्षा जेमतेम वर, ९००-१००० च्या आसपास धरा आणि मिक्श्चर स्क्रू (स्लोचं पेट्रोल कमी-जास्त करणारा) आत फिरवत न्या. हलक्या हाताने, टेकल्यावर जोर नाही. स्लो सर्किट चालू असेल तर स्क्रू बंद होताना इंजिन डळमळतं. काहीच फरक पडला नाही तर त्या रस्त्याने पेट्रोल येतच नाही. स्क्रू किती फेरे आत गेला ते पाव-पाव फेऱ्याच्या हिशेबाने मोजून लिहून ठेवा.

जुनं_चाक
सगळं करून पाहिलं.
सॉलेनॉइडच्या वायरवर १२.२ व्होल्ट, टक्‌ आवाज येतो.
तिन्ही नळ्या दाबून फरक नाही. पाण्याच्या फवाऱ्याने फरक नाही.
मिक्श्चर स्क्रू पावणेदोन फेरे आत जाऊन टेकला. इंजिनावर काहीही परिणाम नाही.

तेलकट_हात
मग स्लो जेट किंवा त्याच्यापुढची नाळ तुंबली आहे. कार्बोरेटर इंजिनावरून न उतरवताही हे काम करता येतं.

बॅटरीची निगेटिव्ह काढा. एअर फिल्टरचं भांडं काढून कार्बोरेटरच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर हातातून सुटलेला जेट थेट मॅनिफोल्डमध्ये जातो. सॉलेनॉइड खोला. काही कार्बोरेटरमध्ये स्लो जेट त्याच्याच टोकाला बसवलेला असतो, काहींत वरच्या झाकणाखाली वेगळा असतो. वेगळा असेल तर पेचकस खाचेत पूर्ण भरणारा हवा. पितळ मऊ असतं, खाच गेली की जेट काढणं अवघड होऊन बसतं.

काढलेला जेट उजेडासमोर धरा. जेटवरचा आकडा मिलिमीटरचे शंभरावे भाग सांगतो: ४५ म्हणजे ०.४५ मिलिमीटर. एवढं छिद्र चांगलं असेल तर मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढा गोल, धारदार कडेचा उजेड दिसतो. अर्धचंद्र दिसला किंवा कडा धुरकट दिसली तर आत वार्निश (सुकलेल्या पेट्रोलचा थर) चिकटलं आहे. उजेडच दिसला नाही तर उत्तर सापडलं.

तार घालून साफ करू नका. ०.४५ चं छिद्र ०.५० झालं तर क्षेत्रफळ जवळजवळ २३ टक्क्यांनी वाढतं आणि नंतर कितीही ट्यून केलं तरी स्लोवर पेट्रोल जास्तच जातं. जेट कार्ब क्लीनरमध्ये तासभर बुडवा, मग कॉम्प्रेसरची हवा मारा. फारच घट्ट असेल तर ब्रशचा एक नायलॉनचा केस.

जेटवर थांबू नका. मिक्श्चर स्क्रू पूर्ण बाहेर काढा. स्प्रिंग, वॉशर आणि बारीक ओ-रिंग या क्रमाने असतात, हरवू नका. त्या भोकातून क्लीनर मारा आणि तो जेटच्या भोकातून आणि थ्रॉटलच्या पाळीजवळच्या बारीक छिद्रांतून बाहेर येतो का बघा. मग हवा उलट बाजूने. डोळ्यांवर चष्मा हवाच, धार कुठून उडेल सांगता येत नाही.

सॉलेनॉइडचीही एक खात्री करा. टक्‌ वाजला म्हणजे सुई मागे गेलीच असं नाही. तो पुसून कोरडा करा, गाडीपासून लांब दुसऱ्या बॅटरीवर बॉडी निगेटिव्हला आणि टर्मिनल प्लसला लावून बघा. सुई ठसठशीत आत गेली पाहिजे.

रबरी_नळी
साफ करताना जेटमध्ये आणि चेंबरमध्ये काय सापडतं ते नीट बघा, पांढऱ्या कागदावर ओता. तपकिरी लालसर भुकटी असेल तर टाकीतला गंज. काळे मऊ कण असतील तर नळीचं आतलं रबर सुटतं आहे. पांढरी-हिरवट पूड असेल तर पेट्रोलमध्ये पाणी होतं आणि त्याने कार्बोरेटरची जस्ताची बॉडी खाल्ली. चिकट पिवळसर थर म्हणजे जुनं झालेलं पेट्रोल. कारण तसंच राहिलं तर साफ केलेला जेट थोड्या दिवसांत पुन्हा तुंबेल.

जुना पेट्रोल फिल्टर टाकला नसेल तर तो कापून बघा.

जुनं_चाक
जेटमधून उजेड अजिबात दिसत नव्हता. चेंबरच्या तळाशी पांढरी-हिरवट पूड, साधारण पाव चमचा. नाळेतून क्लीनर आधी येत नव्हता, तीन वेळा भिजवून हवा मारल्यावर धार सरळ आली. स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर परत बसवला. इंजिन चोकशिवाय स्लोवर टिकतंय, पण थोडं डळमळतं.

पाण्याचं काय करू?

रबरी_नळी
टाकीच्या तळातून २०० मिलिलिटर पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं हलवू नका. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर किंवा गोळे दिसतील. दिसले तर टाकी रिकामी करा. ड्रेन प्लग असेल तर तिथून, नसेल तर नळी घालून सायफनने, पण तोंडाने ओढून नाही.

पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते पाणी धरून ठेवतं आणि प्रमाणाबाहेर झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळे होतात. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना चिकटा सोडवून पुढे ढकलतं आणि जुन्या रबराला फुगवतं. नळ्या दाबल्यावर मऊ, चिकट लागत असतील तर बदला. एसएई जे३०आर९ छापलेली नळी इथेनॉललाही टिकते आणि इंजेक्शनच्या दाबालाही. चेंबरची पातळी सांभाळणारी सुई आणि तिची सीटही बघा. पूड तिथे अडकली की पेट्रोल ओसंडतं, प्लग काळे ओले होतात आणि इंजिन उलट्या कारणाने बंद पडतं.

चोकपुल
उलट्या कारणाचा विषय निघाला म्हणून. ऑटोमॅटिक चोकच्या गाड्यांत असाच दोष दिसतो: सुरू होतं, पाच-दहा सेकंदांत भसाभस काळा धूर आणि बंद. इंजिन सुरू झाल्यावर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमने एक छोटा डायफ्रॅम चोकची पाळी काही मिलिमीटर उघडतो. तो फाटला की पाळी बंदच राहते आणि इंजिन पेट्रोलमध्ये गुदमरतं. डायफ्रॅमची नळी काढून तोंडाने खेचा आणि जिभेने बंद करा. ओढ टिकली तर डायफ्रॅम शाबूत. थंड इंजिनावर सुरू झाल्या झाल्या पाळी हलताना डोळ्यांनीही दिसते.

ओळखायची खूण प्लगमध्ये आहे. बंद पडल्या पडल्या एक प्लग काढा. कोरडा आणि फिकट असेल तर पेट्रोल कमी, काळा ओला असेल तर जास्त.

फ्लॅप
माझी गाडीही जुनीच, पण इंजेक्शनवाली. एअर फ्लॅपचं मीटर आहे, एल-जेट्रॉनिक. सुरू होते आणि चावी सोडली की लगेच मरते. बॅलास्ट नाही.

लाल_वायर
त्या सिस्टिममध्ये पंपालाही दोन वाटा असतात. सेल्फ मारताना पंपाला स्टार्टरच्या सर्किटमधून करंट मिळतो. इंजिन चालू झाल्यावर हवेने फ्लॅप ढकलला की मीटरमधला एक कॉन्टॅक्ट जुळतो आणि तो पंप चालू ठेवतो. कॉन्टॅक्ट खराब असेल किंवा फ्लॅप अडकत असेल तर चावी सोडताच पंप बंद.

चावी चालू, इंजिन बंद ठेवून फ्लॅप बोटाने हलकेच उघडा. पंपाचा आवाज यायला हवा. आला नाही तर रिले, वायर आणि तो कॉन्टॅक्ट तपासा. सगळ्या गाड्यांत मीटरमध्ये हा कॉन्टॅक्ट नसतो, काहींत रिलेच इग्निशनचे ठोके मोजून पंप चालवतो, त्यामुळे वायरिंगचा नकाशा बघा.

आवाज आला तर मीटर आणि थ्रॉटलमधली रबरी नळी बाहेर काढून दोन्ही हातांनी वाकवा. खालच्या बाजूची चीर वरून दिसत नाही. न मोजलेली हवा आत गेली की फ्लॅप पुरेसा उघडत नाही. याच कारणाने तेल भरायचं झाकण किंवा डिपस्टिक सैल असली तरी ही इंजिनं डळमळतात. तंदुरुस्त इंजिनात झाकण काढल्यावर आवाज बिघडलाच पाहिजे. बिघडला नाही तर गळती आधीपासून कुठेतरी आहे.

चावीत चिप असलेल्या थोड्या नव्या गाड्यांत एक-दोन सेकंदांत मरणं आणि डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकणं हे इमोबिलायझरचं लक्षण. दुसऱ्या चावीने करून बघा.

डिझेल_बुडबुडा
जुन्या डिझेलचं कोणीच लिहिलं नाही. तिथे दहा-तीस सेकंद चालून बंद पडणं म्हणजे जवळजवळ नेहमी लाइनने एअर धरली आहे. गळती टाकी आणि फीड पंप यांच्यामधल्या ओढीच्या बाजूला असते. तिथून डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते, म्हणून जमिनीवर डाग शोधून उपयोग नाही. इंजेक्शन पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा तुकडा घाला आणि बुडबुडे बघा. फिल्टरच्या डोक्याची ओ-रिंग, पाणी काढायचा स्क्रू आणि वरचा हँडपंप ही पहिली ठिकाणं. दुसरी परीक्षा: स्वच्छ डिझेलचा डबा पंपापेक्षा उंच ठेवून नळी थेट पंपाला द्या. इंजिन टिकलं तर दोष मागे.

एअर काढताना फिल्टरचा ब्लीड स्क्रू एक-दीड फेरा सैल करा, हँडपंप मारत राहा, बुडबुडे संपून सलग धार आली की पंप मारता मारताच आवळा. मग इंजेक्शन पंपाचा स्क्रू. तरी उचललं नाही तर दोन इंजेक्टरचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारा, दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर विश्रांती. त्या नटांजवळ हात नेऊ नका. तिथे १०० बारपेक्षा जास्त दाब असतो आणि धार कातडीत घुसते. अशी जखम बाहेरून टाचणी टोचल्यासारखी दिसते, तरी ताबडतोब रुग्णालयात जावं लागतं.

जुनं_चाक
बरणीत तळाशी बोटाच्या पेराएवढा थर निघाला. टाकी रिकामी केली, फिल्टर परत बदलला. स्लो अजून थोडा वरखाली होतो. आता फक्त ट्यूनिंग राहिलं का?

तेलकट_हात
त्याआधी पॉइंट एकदा बघा. फीलर गेजने ०.४ मिलिमीटरच्या आसपास, नेमका आकडा तुमच्या मॅन्युअलचा. फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो, टायमिंग (स्पार्क पडण्याची वेळ) मागे जातं आणि स्लो कधीच नीट बसत नाही. पॉइंटवर खड्डा आणि गाठ दिसली तर पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही बदला. टायमिंग नेहमी गॅपनंतर.

मग इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, पंखा एकदा लागू दे, चोक पूर्ण आत, दिवे आणि एसी बंद. स्पीड स्क्रूने (थ्रॉटलची पाळी किंचित उघडी ठेवणारा) ८०० आरपीएम करा. मिक्श्चर स्क्रू पाव फेरा बाहेर, दहा सेकंद थांबा, ऐका. आरपीएम वाढत असेपर्यंत बाहेर, वाढायचं थांबलं की तिथून आत, २०-३० आरपीएम उतरेपर्यंत. स्पीड स्क्रूने परत ८०० आणि हीच फेरी अजून एकदा. स्क्रू तीन फेऱ्यांच्या पुढे बाहेर काढूनही इंजिन मागतच राहिलं तर नाळेत अजून कचरा आहे किंवा कुठेतरी हवा ओढली जाते आहे. तेव्हा स्क्रूवर वेळ न घालवता जेट पुन्हा काढा.

सॉलेनॉइड परत आवळताना हाताने बसवून पान्याने जेमतेम घट्ट करा. कार्बोरेटरचा धातू मऊ असतो, आटे गेले तर बॉडीच बदलावी लागते.

जुनं_चाक
पॉइंटचा गॅप ०.२५ निघाला, ०.४ केला, टायमिंग परत लावलं. स्क्रू दोन फेऱ्यांवर बसला, ८०० वर सुई स्थिर आहे. थंड इंजिनावर उद्या सकाळी बघून आकडे लिहितो.

टॅपेट
थंडीत चोक एकदम आत ढकलू नका, दोन-तीन टप्प्यांत. आणि आठवडाभराने नव्या फिल्टरमध्ये परत बघा. टाकीच्या कोपऱ्यात राहिलेली पूड तेवढ्यात पुढे आलेली असते.